शंभरांत अठ्ठ्याऐंशी

चहाचा ग्लास पुढ्यात ठेवल्यावर भाऊ निघून जात नसत. कमरेवर हात ठेवून तिथेच उभे राहत आणि आपल्या गळ्याकडे बघत. पहिला घोट खाली उतरला की विचारत, "कशी जाली?"

खाऊ घालून वर दाद मागणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती बहुतेक "छान" म्हटल्यावर सोडून देतात. भाऊ सोडत नसत. "बरी जाल्या" म्हटलं की "बरी म्हणजे कशी बरी?" हा पुढचा प्रश्न तयार असे. म्हणून आम्ही पोस्टातल्या लोकांनी एक उत्तर ठरवून ठेवलं होतं. "भाऊ, वेगळी जाल्या." ह्यात खोटं काही नव्हतं आणि भाऊ खूश होत.

हरमलला आमच्या पोस्टाच्या अगदी समोर त्यांचं दुकान. पत्र्याखाली चार बाकडी, पुढे भाऊंची शेगडी आणि मागे त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वयनींचं, स्वयंपाकघर. मी कोरगावहून स्कूटरने येई, पोस्टाचं कुलूप काढी आणि आधी समोर जाऊन बसे. वयनींची पातळ भाजी आणि गरमगरम उंडे, म्हणजे आमचे ते कडक कवचाचे गोल पाव, खायला लोक केरी-पालयेहून येत. चहा हा त्याबरोबर सोसायचा भाग होता.

कारण एकच चहा दोनदा करणं भाऊंना कमीपणाचं वाटे. "काल केली तीच आयज केली, तर आयज हांव कित्याक उठलों?" असं ते म्हणत. आलं आणि वेलची त्यांनी तरुणपणीच संपवली होती. मी पाहिलेल्या काळात तुळस झाली, पेरूची पानं झाली, आंब्याचा मोहर झाला. एकदा त्यांनी सोलं घातली, म्हणजे आमटीत घालतात ती आंबट आमसुलं. दूध व्हायचं ते झालं. ग्लासात खाली पाणी आणि वर गोळे.

"भाऊ, फुटली!" मी म्हटलं.

"फुटूंक ना गो बाय," भाऊ शांतपणे म्हणाले, "फुलल्या."

तिरफळाचा दिवस तर पोस्टात अजून कोणी विसरलेलं नाही. तिरफळ बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात घालतात, आणि ते दाताखाली आलं तर जीभ बधिर होते. भाऊंनी ते कुटून चहात घातलं. आमचे पोस्टमन घाईत दोन ग्लास प्याले आणि टपाल घेऊन निघाले. दारोदारी जाऊन ते "थावंत! थावंत आथात?" असं ओरडत होते. सावंतांच्या म्हातारीने त्यांना झटका आला समजून खुर्चीत बसवलं, तळव्यांना कांदा चोळला आणि डॉक्टरला फोन लावला. दुपारी परतल्यावर पोस्टमननी दुकानाकडे बोट दाखवून काहीतरी जोरदार शिवी दिली, पण तीही आम्हाला कळली नाही.

अशा दुकानात तीन हिवाळ्यांपूर्वी एक जपानी म्हातारा आला. पंचाहत्तरीचा असेल. बारीक अंगाचा, डोक्याला सुती टोपी, शर्टाची सगळी बटणं लावलेली. मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिला होता. पहिल्या सकाळी त्याने चहा मागितला आणि भाऊ नेहमीप्रमाणे गळ्याकडे बघत उभे राहिले.

"कशी जाली?"

"हाय," म्हातारा म्हणाला. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो' हे आम्हाला फार उशिरा कळलं.

"हॅलो, हॅलो," भाऊ म्हणाले. "पूण कशी जाली?"

"हाय."

"हॅलो रे बाबा! च्या कशी जाली?"

म्हाताऱ्याने ग्लास रिकामा केला, दोन्ही हातांनी बाकड्यावर ठेवला आणि त्या रिकाम्या ग्लासाला वाकून नमस्कार केला. मग खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

त्या दुकानात एवढ्या वर्षांत कोणी ग्लासाचा तळ दाखवला नव्हता. वहीत लिहून घेणं तर दूरच. भाऊंनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला. "तो इन्स्पेक्टर. जपान सरकाराचो. मार्क घालता तो."

आता हे मार्कांचं प्रकरण सांगायला हवं. भाऊ सातवीत गणितात एका मार्काने नापास झाले होते. पास व्हायला पस्तीस लागत, भाऊंना चौतीस पडले. मग वडलांनी शाळा बंद करून शेगडीपाशी उभं केलं. ही गोष्ट ते हसत हसत सांगत, पण फार वेळा सांगत. भजी मोजताना चौतीस आली की पस्तिसावं मुद्दाम टाकत.

म्हातारा नऊ दिवस राहिला आणि नऊही दिवस आला, आमच्या आधी, शेगडी पेटायच्या वेळी. भाऊंनी त्याच्यापुढे नऊ वेगवेगळे चहा ठेवले. त्यात तिरफळही होतं. आम्ही हळूच खुणा करून त्याला अडवायचा प्रयत्न केला, पण त्याने आमच्याकडे बघून तेवढंच म्हटलं, "हाय."

नवव्या दिवशी त्याने पिशवीतून एक घडी केलेलं कापड काढलं, त्यावर आपलं कार्ड ठेवलं आणि दोन्ही हातांनी भाऊंना दिलं. पुन्हा एकदा वाकला आणि मोपाच्या विमानतळाची टॅक्सी पकडून गेला.

कापड उलगडलं तेव्हा सगळं दुकान भोवती जमलं. पातळ सुती, हातभर लांब हात पुसायचा टॉवेलच, पण आपल्या टॉवेलासारखा केसाळ नाही. रंगवलेला असा की उलट-सुलट काही कळेना, दोन्ही बाजू सारख्याच ठसठशीत. हिरव्या गोल गोल ओळी, टेकडीवरून उतरत गेलेल्या, त्यांच्यामध्ये गवती टोप्या घातलेल्या चिमुकल्या बायका आणि कोपऱ्यात उभी चार अक्षरं.

"मिरच्यांचे वाफे ते," एकजण म्हणाला.

"वाफे खंयचे? ते हिरवे सुरवंट," पोस्टमन म्हणाले. "आणि त्यांच्यावर अळंबी उगवल्या."

"अळंबी न्हय, बायलो त्यो," वयनी म्हणाल्या. "पानां खुडतात. पळयात तरी."

"च्या!" भाऊ ओरडले. "च्याचो मळो तो! म्हाका च्येखातीर प्राइज दिलां!"

ही मात्र खरी गोष्ट निघाली. तो चहाचाच मळा होता. अक्षरं तेवढी कोणाला लागेनात. मी फोन धरून बघितला. अक्षरं हाताने फराटे मारल्यासारखी होती, फोन गोंधळला. पहिल्यांदा म्हणाला 'सासूची रात्र', दुसऱ्यांदा 'आठ भाकऱ्या'. भाऊंनी फोनवरचा विश्वास त्याच क्षणी काढून घेतला आणि टॉवेल शेगडीच्या मागच्या भिंतीवर दोन खिळ्यांनी टांगला. तेव्हापासून घोट घेतल्यावर आधी त्या टॉवेलाकडे बघावं लागे आणि मग 'वेगळी' म्हणावं लागे.

त्या टॉवेलाच्या दोन्ही कडा दुमडलेल्या नव्हत्या, नुसत्या कापलेल्या, आणि त्यातून दोरे लोंबत होते. वयनींसारख्या बाईला ते बघवणं शक्य नव्हतं. भाऊ एका दुपारी पेडण्याला गेले होते तेवढ्यात त्यांनी टॉवेल उतरवला आणि मशीनवर घालून दोन्ही कडा पक्क्या शिवून टाकल्या. हिरवा दोरा संपला होता म्हणून गुलाबी वापरला. वर एका कोपऱ्यात छोटं फूलही काढलं.

भाऊ परत आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"हें कोणे केलें?"

"दोरे सुटत आसले," वयनी म्हणाल्या. "फाटलो आसतो."

"जपानान जशें दिलां तशें उरपाक जाय आसलें!" भाऊ म्हणाले, आणि त्यानंतर ते पाच दिवस बोलले नाहीत. वयनींशी नाही, आमच्याशी नाही, कोणाशीच नाही.

आणि इथे एक चमत्कार झाला. रागामुळे भाऊंनी चहात काही घालणंही सोडलं. पाणी, पूड, साखर, दूध. ग्लास आपटून ठेवायचा आणि तोंड फिरवायचं. पहिला घोट घेतल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. इतका फक्कड चहा हरमलात कोणी प्याला नव्हता. दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचे शॅकवाले येऊन बसले. चौथ्या दिवशी बाकडी पुरेनात, लोक पोस्टाच्या पायरीवर ग्लास घेऊन बसले. पोस्टमननी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "वयनीक सांगून त्या टॉवेलाक आणि एक फूल काडून घेवया?"

पाचव्या दिवशी कोणीतरी न राहवून म्हणालं, "भाऊ, काय च्या जाल्या! असली च्या तुमी जल्मांत करूंक ना!"

भाऊंनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या गवयाला तंबोरा जुळवल्याबद्दल टाळ्या मिळाव्यात तसा चेहरा. "तातूंत हांवें कांयच घालूंक ना," ते हळू आवाजात म्हणाले. मग आत जाऊन वयनींना म्हणाले, "फूल बरें आयलां." दुसऱ्या दिवशी चहात कढीपत्ता होता. गर्दी ओसरली.

पुढच्या महिन्यात एक जपानी मुलगी पोस्टात तिकिटं घ्यायला आली. मी तिला हाताला धरूनच समोर नेलं. टॉवेल बघून ती आनंदाने ओरडली, गुलाबी शिवणीवरून बोट फिरवत काहीतरी गोड बोलली. वयनींनी ती स्तुती असल्याचं लगेच मान्य केलं. मग भाऊंनी अक्षरांकडे बोट दाखवलं.

मुलीने वाचलं आणि इंग्रजी शब्द शोधत म्हणाली, "एटी-एट..."

भाऊ पुढे सरकले. "एटी-एट?"

"एटी-एट... नाइट."

"राइट!" भाऊ गरजले. "राइट! करेक्ट! अठ्ठ्याऐंशी! शंभरांत अठ्ठ्याऐंशी!"

मुलगी "नो, नो, नाइट, नाइट" म्हणत होती आणि भाऊ "राइट, राइट" म्हणत तिचा हात हलवत होते. वयनी डोळे पुसत होत्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग पोस्टात येऊन तिने मला नीट समजावलं. तिकडे वसंत सुरू झाल्यापासून रात्री मोजतात. अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीच्या सुमाराला चहाची पहिली कोवळी पानं खुडतात. तेवढंच लिहिलं होतं, 'अठ्ठ्याऐंशीवी रात्र'. मार्कबिर्क काही नाही.

मी खिडकीतून समोर बघितलं. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'जपान मान्यताप्राप्त. ८८/१००.'

"शुड आय टेल हिम?" मुलीने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तुम्हीही हलवली असती.

सगळं ठीक चाललं असतं, पण आमच्या पोस्टमनची जीभ त्या तिरफळातून जरा जास्तच सावरली होती. एके दिवशी ते म्हणाले, "भाऊ, अठ्ठ्याऐंशी ते खरे. पूण बारा खंय गेले?"

भाऊंची झोप उडाली. ते घोट उतरल्यावर आता "कशी जाली?" विचारेनात, "उणें कितें?" विचारू लागले. शेवटी म्हाताऱ्याचं कार्ड साखरेच्या डब्यातून काढून ते पोस्टात आले आणि माझ्यासमोर बसले. "बाय, बरय," म्हणाले, म्हणजे लिही.

ते सांगत गेले. "जपानकार पात्रांव, नमस्कार. तुमी अठ्ठ्याऐंशी मार्क दिले, उपकार जाले. पूण बारा खंय कापले तें कळूंक ना. साखर चड जाली? तुळस उणी पडली? ग्लास बरो धुवूंक नाशिल्लो? सांगचें. हांव सुदारतलों."

मी पेन धरून थांबले. खरं काय ते मला माहीत होतं. भाऊंना सांगावं तर तो फळा डोळ्यांसमोर येई. पत्रात खाली एक ओळ आपली घालावी, 'कृपा करून बारा मार्कांचं काहीतरी कारण लिहा', असंही मनात आलं. पण पोस्टातल्या माणसाने दुसऱ्याच्या पत्रात आपलं काही घालू नये. घालायचे उद्योग समोर पुरेसे होत होते. भाऊंनी सांगितलं तसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं आणि शिक्का मारला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सकाळी दुकान भरलेलं असताना भाऊंनी ते माझ्या हातात दिलं. "मोट्यान वाच," म्हणाले. वीस माणसं भाजीत बुडवलेला उंडो हातात धरून थांबली. वयनी दारात आल्या.

पत्र म्हाताऱ्याच्या नातीने लिहिलं होतं. पहिलीच ओळ मला नको होती ती. वाचावं की बदलावं? मी भाऊंकडे पाहिलं. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. मग मी बदललं नाही.

"अठ्ठ्याऐंशी हे मार्क नव्हेत," मी वाचलं. "ती चहा खुडायची रात्र आहे. आजोबा इन्स्पेक्टर नाहीत. त्यांचा चहाचा मळा होता, आता काकांकडे आहे."

पोस्टमन आपल्या चपलांकडे बघत होते. भाऊंचे कान लाल झाले होते.

"म्हणजे मार्क ना?"

"ना, भाऊ. पण पुढे आहे."

"वाच."

"आजोबांनी तुमचे नऊही चहा वहीत लिहून ठेवले आहेत. पहिला दिवस, गोड पानं. दुसरा दिवस, आंबट, कारण कळलं नाही. तिसरा दिवस, जीभ संध्याकाळी परत आली. चौथा दिवस, फुलाचा वास, की साबणाचा? ही वही ते आम्हाला वाचून दाखवतात आणि हसतात. आजी गेल्यापासून ते हसत नव्हते. घरचा चहा रोज सारखाच लागतो, आणि आजी नाही हे त्यांना रोज पहिल्या घोटाला कळतं. तुमच्या दुकानात पहिल्या घोटाला दुसरंच काहीतरी कळायचं. त्यामुळे आजी नाही हे कळायला थोडा उशीर व्हायचा. ते नऊ दिवस आजोबा लवकर उठत होते. त्यांनी तुम्हाला धन्यवाद सांगितले आहेत."

पत्र संपलं. भाऊ उठले. त्यांनी ओल्या फडक्याने फळ्यावरचे ८८/१०० पुसले, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग पाठमोरेच उभे राहिले. वयनींनी शेगडीवरचं दूध उतू जाताना पाहिलं, तरी त्या पुढे झाल्या नाहीत.

"बाय," भाऊंनी न वळता विचारलं, "तिसऱ्या दिसाक जीब गेली म्हण बरयलां?"

"हो."

"कितलो वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

"मागीर तिरफळां ताजीं आसलीं तीं," भाऊ म्हणाले, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि मिशीखाली हसू होतं. "कोणाक जाय?"

वीसही हात वर गेले. त्यात पोस्टमनचाही होता. त्या दिवशी अर्धं हरमल दुपारपर्यंत बोबडं बोलत होतं.

पुढे भाऊंचे गुडघे गेले. लोकांच्या गळ्याकडे बघत उभं राहून राहूनच गेले असावेत. त्यांची मुलगी आमोण्याला दिलेली, तिने दोघांना घेऊन नेलं. दुकानाच्या जागी आता भाड्याच्या स्कूटर उभ्या असतात आणि आम्ही पोस्टात साधा चहा पितो. चांगला असतो. त्याबद्दल आम्ही काहीच बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमोण्याला एका सहकाऱ्याच्या घराच्या वास्तुशांतीला गेले, तेव्हा भाऊंचं घर विचारलं. "तो पानांवालो?" समोरच्या माणसाने जरा मागे सरकूनच विचारलं आणि रस्ता दाखवला.

वयनी एकट्याच होत्या. भाऊ नदीकडे गेले होते. त्यांनी मला बसवलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आतून चहा आणला. मी घोट घेतला. त्या पाच दिवसांचा चहा! तसाच साधा, गरम, फक्कड.

"वयनी, ही तुमी केली?"

"हळू उलय," वयनी कुजबुजल्या. "लग्न जाल्या दिसासून म्हज्यापुरती एक कप करतां. पस्तीस वर्सां जालीं. तांकां खबर ना."

इतक्यात अंगणात चपला वाजल्या. वयनींनी टोप उचलून पिंपामागे दडवला. मी उरलेला चहा एका घोटात घशाखाली ओतला, डोळ्यांतून पाणी आलं. ग्लास वयनींनी पदराखाली घेतला.

भाऊ दारात उभे होते. वाळले होते, हातात काठी होती. खांद्यावरच्या त्या टॉवेलाचा हिरवा रंग धुऊन धुऊन फिका झाला होता, वयनींची गुलाबी शिवण मात्र होती तशी. त्याच्या टोकाला गाठ मारून काहीतरी बांधलं होतं.

"बाय! बऱ्या वेळार आयलें गो तूं!" त्यांनी गाठ सोडून माझ्यापुढे पानं ओतली. लांबट, गडद, चुरडल्यावर कुठल्याही ओळखीच्या वासाची नव्हेत अशी. "न्हंयच्या देगेर गावलीं. कसलीं तें गांवांत कोणाक खबर ना. पूण वास पळय!"

"भाऊ, विषारी असली तर?"

"सकाळीं शेजाऱ्याच्या बोकडान खालीं. हांवें उबो रावून पळयलां." भाऊ शेगडीकडे वळले. "दोगांकूय करतां. बसात."

आतून टोप शोधल्याचा आवाज येऊ लागला. वयनी उठल्या आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"तूं बस," त्या मला म्हणाल्या. "हांव मात्शी तो बोकड कसो आसा तें पळोवन येतां."